माघारी आलेलं वारं

माझ्या पायांचं तीर्थ लोक पितात. डाव्या टाचेला निजून निजून जखम झाली आहे, तिच्यातून पू येतो, आणि त्याच टाचेवरून ओघळलेलं पाणी बाया ओंजळीत धरून पितात. मला ओकारी येते. त्यांना येत नाही.

इटलीच्या लढाईत तोफगोळ्याची कपची माझ्या पाठीच्या मणक्यात घुसली. पुण्याच्या लष्करी दवाखान्यात वर्षभर पडून होतो. निघताना तिथल्या डॉक्टरसाहेबांनी बजावलं होतं, "अर्जुना, आतली तार दुखावलीय, पण अख्खी तुटली नसावी. पाय आपोआप उडायला लागतील, त्याला भुलू नकोस. तो हुकूम डोक्यातून गेलेला नसतो, खालच्या खालीच सुटतो. तू 'हल' म्हणशील आणि बोट हलेल, त्या दिवशी मला कार्ड टाक." ते कोरं कार्ड मी उशीखाली ठेवलं आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला रोज हुकूम सोडत राहिलो. दुसरं काही मागणंच उरलं नव्हतं.

आमचं गाव यमाईदेवीच्या औंधाशेजारचं. मला पाहून लोक म्हणाले, "अर्जुनाच्या अंगावरनं वारं गेलं." लुळं पडण्याला आमच्याकडं हाच शब्द. एका मंगळवारी आईनं बिराप्पा भगताला अंगारा लावायला बोलावलं. त्याचा गार हात तळव्याला लागला मात्र, दोन्ही पाय ताडकन उडाले, अगदी साहेब म्हणाले होते तसे. बिराप्पानं माझ्या भिंतीवर पानाची पिंक टाकली आणि तो आईला ओरडून म्हणाला, "धोंडुबाय, गेल्यालं वारं माघारी आलं! यमाईचं वारं हाय ह्ये!"

अंगात देवी येते, त्यालाही आम्ही वारंच म्हणतो. झालं! एका शब्दावर गावानं मला देव्हाऱ्यात बसवलं.

"आवं, झटका हाय त्यो!" मी बोंबललो.

"झाडाचं त्वांड आयकायचं न्हाई," बिराप्पा म्हणाला. देवी ज्याच्या अंगात येते ते तिचं झाड. "झाड खोटं बोलतंय. पाय बघायचा."

तेव्हापासून दर मंगळवारी हाच चिखल. हळद, शिळं तेल, लिंबांवर माशा. लोक कौल मागतात आणि 'व्हय' हवं असेल तेव्हा बिराप्पा हळूच तळव्याला नख लावतो. मला तळव्याचं काही कळत नाही, पण डोळे शाबूत आहेत. शिसारी आली की मी ते मिटून घेतो आणि मनात अंगठ्याला म्हणत राहतो, हल. हल.

परवा रंगुबाईकाकी आली. तिचा मुलगा गुंडा माझ्याच तुकडीत होता. सरकारी कागदात तो बेपत्ता आहे. कसला बेपत्ता! त्याच गोळ्यानं माझ्या शेजारीच त्याच्या चिंधड्या उडाल्या. हे तिला सांगायचं म्हणून मी घरी आलो होतो, पण पायांबरोबर जीभही लुळी पडली.

काकी बिराप्पाला म्हणाली, "तू हात काढ. यमाईचं यमाईला बोलू दे." तो मागं सरला. मग तिनं पायांवर तांब्याभर पाणी ओतलं. "आई, माजा गुंडा जित्ता हाय का? आसंल तर सांग."

तिचं तोंड मला बघवेना. मी डोळे मिटले. सवयीनं म्हणालो, हल.

घरभर गलका झाला. डोळे उघडले तर पाय जागच्या जागी होता आणि उजवा अंगठा एकटाच सावकाश वर येत होता. मी म्हणालो, हल. पुन्हा आला. थांब म्हणालो, थांबला. माझा होता तो. दोन वर्षांनी माझा अंगठा माझं ऐकत होता, आणि काकी रडत, हसत माझ्या पायांवर कपाळ घासत होती.

"काकी, त्यो मी हलवला!" मी म्हणालो. "गुंडा गेला काकी. मी बगितलाय त्याला. माज्या शेजारीच गेला."

तिनं पदरानं डोळे पुसले आणि लेकराला समजवावं तशी म्हणाली, "बोल, बोल. झाडाचं त्वांड आयकायचं न्हाई म्हनत्यात."

आणि टाचेखालचं पाणी ती ओंजळीत घेऊन प्यायली. या वेळी मला ओकारी आली ती माझ्याच अंगठ्याची.