खिडकीवरचं लुगडं

बाणू गेली हे मला हेडमास्तरांनी फोनवर सांगितलं. मी तेव्हा हैदराबादला एका अपार्टमेंटच्या गेटवर वॉचमन होतो. साल दोन हजार आठ. "इरप्पा, मन घट्ट करा," बंडोपंत मास्तर म्हणाले. "बाणूबाई स्वयंपाकघरातच कोसळल्या. छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत राहिल्या नाहीत." त्यांच्या मागं कुणीतरी ओरडत होतं, "त्या येडीला आधी भाईर काढा." बायको मेल्याची बातमी आणि ते वाक्य एकाच वेळी माझ्या कानात शिरलं. अजून निघत नाही.

येडी म्हणजे तुळजा. आमच्या कोहिनूर गावच्या सरकारी शाळेत मुलांसाठी दुपारचं जेवण शिजतं. तिथं बाणू मुख्य स्वयंपाकीण होती, लक्ष्मम्मा आणि तुळजा तिच्या हाताखाली. तुळजा आमच्याच गल्लीतली, वीस-बाविशीची. ती कुणाच्या डोळ्यांत बघत नाही. दोन कामं एकदम सांगितली तर जागीच उभी राहते. मागून हात लावला तर किंचाळते. आणि ताटांचा खणखणाट तिला सोसत नाही. आपल्या कानाशी लॉरीचा हॉर्न दाबून धरावा तसं तिला होतं. एवढंच. बाकी भाजी चिरणं, तांदूळ धुणं, भांडी घासणं चारचौघींसारखं. लोकांना वाटतं, अशा माणसाच्या अंगी काही जादू असली तरच त्याला कामावर ठेवावं. तिच्या अंगी जादू नव्हती. काम येत होतं. दुसऱ्या बायांना तेवढं पुरतं, तिला का पुरत नाही?

बाणूनं तिच्यासाठी सोय केली होती. मुलं ज्या खिडकीशी ताटं घेऊन येतात, त्या खिडकीच्या आत तिनं दोरी बांधून आपलं जुनं हिरवं लुगडं टाकलं. पलीकडं बाणू आणि पोरं, अलीकडं तुळजा. खिडकीच्या कट्ट्यावर पोतं अंथरलं, म्हणजे ताट आपटलं तरी वाजायचं नाही. काम सांगायचं ते एकच, समोर येऊन, बोटानं दाखवून. मी एकदा फोनवर म्हणालो, "कामून एवढी काळजी करायलीस तिची?"

"काळजी कशाची," ती म्हणाली. "काम करून घ्यायलेय मी तिच्याकडनं. तुमच्या गेटवर छप्पर कामून घातलंय? उनात माणूस टिकत न्हाई म्हणून. का तुम्ही लाडके हाव त्यांचे?"

मी पोचलो, माती झाली. आमच्यात मेलेल्या माणसाचे कपडे तिसऱ्या दिवशी मसणवट्यात नेऊन ठेवतात. लक्ष्मम्मा रडत आली. धुऊन घडी घातलेलं एक हिरवं लुगडं तिनं ढिगावर ठेवलं. "अण्णा, अक्काचं हे शाळंत ऱ्हायलं होतं. गेलेल्या बाईचं तिथं ठेवू न्हाई." तिनं ते मनापासून आणलं होतं. पडद्याचं मी फोनवर ऐकलं होतं, डोळ्यांनी कधी बघितलं नव्हतं. सगळ्यांबरोबर तेही गेलं.

शाळेत शोकसभा झाली. बाणूचा फोटो, त्याला हार. मास्तर तिला अन्नपूर्णा म्हणाले. स्वयंपाकघराला तिचं नाव देऊ, संगमरवरी पाटी लावू, म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या. त्याच आठवड्यात तुळजाच्या हातून डाळीची बादली सुटली. खिडकी उघडी, पोतं झाडझुडीत फेकलेलं, पोरं ताटं बडवत "तुळजे, ए तुळजे" करत होती. पोळलं कुणी नाही. मास्तरांनी तिला घरी बसवलं.

मी मास्तरांकडं गेलो. त्यांनी चहा मागवला. माणूस वाईट बोलणारा नाही.

"बाणूबाई होत्या तोवर ती बरी होती," ते म्हणाले. "धक्का बसलाय तिला. डोक्यावर परिणाम झालाय."

"परिणाम झाला न्हाई, मास्तर. पडदा गेला."

"कसला पडदा?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला. "मला वाटायचं, तो धुरासाठी आहे."

रोज त्या खिडकीवरून जाणारा माणूस. कधी विचारलं नाही.

"आता कळलं न्हवं? लावा मग."

"तसं चालत नाही, इरप्पा. तपासणीला येणारे विचारतील, आत काय झाकून ठेवलंय. शिवाय एकीचं ऐकलं की उद्या दुसरी म्हणेल, मला पंखा पाहिजे."

"द्या की पंखा. चुलीपाशी बसती ती."

दारात उभी असलेली लक्ष्मम्मा पदर तोंडाला लावून हसली. मास्तर हसले नाहीत. "ही शाळा आहे," ते म्हणाले. "दवाखाना नाही."

"तुमचा चष्मा ठिवा टेबलावर आन हजेरी घ्या," मी म्हणालो. "पोरांची नावं चुकली की आमी गावात सांगतो, मास्तरांच्या डोक्यावर परिणाम झालाय. मागच्या महिन्यापस्तोर बरे होते."

त्यांनी चहाचा कप माझ्याकडं सरकवला. मग हलक्या आवाजात म्हणाले, "तुमचं दुःख मला समजतं. पाटीचं काम बसवकल्याणला सांगितलंय. त्यांचं नाव मोठ्या अक्षरांत घालणार आहोत."

"तिला वाचता येत न्हवतं. पाटी नको. दोरी आन कापड लावा."

चहा तसाच ठेवून मी उठलो.

घरी बाणूचं एकच लुगडं मी मागं ठेवलं होतं, लग्नातलं. खिडकी लहान होती. मी ते विळीनं मधोमध कापलं. मास्तरांना न विचारताच ते शाळेत नेलं. दोरी बांधायला लक्ष्मम्मा आली. "ते कशाला टांगलंय, मला कुणी सांगितलंच न्हाई, अण्णा," ती म्हणाली. "मी काढलं नसतं ओ." मी म्हणालो, "गाठ घट्ट मार." नवं पोतं तिनं तिच्या घरचं आणलं.

दुसऱ्या दिवशी मी तुळजाला घेऊन गेलो. समोर जाऊन वांग्यांकडं बोट दाखवलं. ती बसली आणि चिरायला लागली. मुलं आली, जेवण वाढून झालं, काहीही झालं नाही. लक्ष्मम्मा म्हणाली, "बघा, कशी करायलीय." त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. एक बाई काम करत होती.

त्याच्या दुसऱ्या दिवशी शिपाई लुगड्याचा तो तुकडा घडी करून माझ्या घरी घेऊन आला. "सरांनी सांगितलंय, शाळेच्या खिडकीला खासगी कापड लावायचं न्हाई. आन तिच्या जागी दुसरी बाई ठेवलीय." तो माझ्याकडं न बघता बोलला. त्याला कुणी येडा म्हणत नाही.

मी हैदराबादला परत गेलो नाही. शाळा समितीत बोललो, तालुक्याला जाऊन आलो. सगळे बाणूबद्दल चांगलं बोलतात. पाटी लागली. मास्तरांनी मला नारळ फोडायला बोलावलं, मी गेलो नाही.

तुळजा घरी आहे. सकाळी शाळेच्या वेळेला ती आवरून उंबऱ्यावर येऊन बसते. तिची आई आत बोलावते, ती उठत नाही. येणारेजाणारे म्हणतात, बाणूबाई होती तोवर बरी होती. ती तेव्हाही अशीच होती. मधे एक कापड होतं.

बाणूच्या लग्नातल्या लुगड्याचं कापड माझ्याकडं आहे. खिडकीला लावायचं राहिलं आहे.