अठरा दमांचा बॉल

“तिसरा म्यानेजर,” रुळांचे सांधे बदलणारा नथू सांधेवाला बशीतल्या चहावर फुंकर मारत म्हणाला. “गणपती गेल्यापास्नं तिसरा. आमच्या आळीत खुराड्यातला कोंबडा बी एवढ्या येळा बदलत न्हाईत.”

लोणावळा स्टेशनाबाहेर मारुतीचं चहाचं दुकान होतं आणि दुकानापुढच्या बाकावर रोज संध्याकाळी फुटबॉलची पंचाईत बसायची. पूर्वी तिथं गोल मोजले जायचे. कोणी कोणाला कसं चकवलं, कुरवंड्याच्या कोंडूनं अनवाणी पायानं बुटवाल्यांची कशी खोड मोडली, ते रंगवून सांगितलं जायचं. आता तिथं नुसती मालकांची आणि मॅनेजरांची उणीदुणी निघत.

क्लब मूळचा इंजिनांच्या शेडचा. घाट चढणाऱ्या गाडीला मागून रेटा द्यायला जादा इंजिनं लागत, त्या इंजिनांवरच्या माणसांनीच तो काढलेला. म्हणून नाव लोको क्लब. पुढं विजेची इंजिनं आली. त्यांना ना कोळसा, ना पाणी, ना फायरमन. शेड रिकामी पडली, ड्रायव्हर-फायरमन कुठं कुठं बदलून गेले आणि क्लब पोरका झाला. तेव्हा खंडाळ्याच्या एका बंगलेवाल्या शेटजींनी तो पदरात घेतला. नवे बनियन आले, गोलाला जाळी आली, आणि क्लबाला शेटजींच्या मातोश्रींचं नाव आलं.

“आता मैदानात वरडायचं तरी काय?” मारुती चुलीमागून म्हणाला. “‘चल हिराबाई, मार हिराबाई’ म्हणून वरडलो, तर घरची विचारती, ही कोण.”

सगळे हसले, पण हसण्यात जीव नव्हता. पहिला मॅनेजर शेडमधलाच कारकून. शेटजींच्या मेव्हण्यानं टीममध्ये परस्पर आपली तीन माणसं घुसवली, तसा तो रागानं निघून गेला. मग मेव्हणाच मॅनेजर झाला. त्याच्या हाताखाली दौंडवाल्यांनी पाच गोल चढवले. आता हा तिसरा, पलटणीतून निवृत्त झालेला साताऱ्याकडचा हवालदार. माणूस कडक, पण खोटा नाही, असं नथूचं मत पडलं.

“त्यानं येताना पितळी पंप आणलाय,” तो बोलून गेला, आणि बोलल्यावर त्यानं जीभ चावली.

 सगळ्यांची नजर बाकाच्या टोकाला गेली. तिथं अंबाजी बसला होता.

अंबाजी कुरवंड्याचा. वीस वर्षं त्यानं शेडमध्ये इंजिनांवर कोळसा चढवला. जन्मात बॉलला पाय लावला नाही, पण लोको क्लबाचा प्रत्येक बॉल त्यानं तोंडानं भरला होता. आत रबरी फुगा, वर चामड्याचं कवच. फुग्याचं नळकांडं ओठांत धरायचं आणि भरायचं. प्रत्येक दम घेताना मनात एकदा विठ्ठलाचं नाव घ्यायचं आणि मग फुंकायचं, हा त्याचा नेम. उमेदीच्या काळात अठरा दमांत बॉल दगडासारखा होई. खेळणारे मैदानात उतरताना त्या बॉलला हात लावून कपाळाला लावत. नाम भरलेला बॉल, म्हणत.

सुरुवातीला गावात कुजबुज झाली होती. गळ्यात तुळशीची माळ घातलेला माणूस चामड्याला तोंड लावतो म्हणून कोणी त्याला देवळाच्या पायरीवर टोकलंही होतं. अंबाजी शांतपणे म्हणाला होता, “मग मृदंगाला काय केळीचं पान लावत्यात व्हय?” 

आणि अंबाजी म्हणजे कीर्तनाचं वेड. एकादशीला बुवा कुठंही उभे राहोत, हा मृदंगाजवळची जागा धरून बसायचा. एकदा बुवांनी मुरलीवर निरूपण केलं होतं. ‘फुंकर मुरलीत गेली की सूर होतो, चुलीत गेली की जाळ होतो. फुंकणाऱ्याच्या हाती काय राहतं, बाबांनो? रिकामी छाती.’ बुवांनी छातीवर हात ठेवला आणि सगळा मंडप टाळ धरून डोलला. अंबाजीच्या मनात ते वाक्य खिळ्यासारखं बसलं होतं.

कोळशानं छाती मात्र आतून खाल्ली होती. अठरा दमांचे चोवीस झाले, चोवीसचे तीस. दसऱ्याला, शेडच्या मैदानावरच्या शेवटच्या मॅचला, त्यानं छत्तीस दमांत बॉल भरला आणि नंतर घटकाभर तो भिंतीला टेकून बसला. रेल्वेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बजावलं, आता फुंकणं नाही. घरी बायकोनं, कस्तुराबाईनं, तेच सांगितलं, फक्त डॉक्टरांपेक्षा जोरात.

पण शेड सुटली होती, कोळसा सुटला होता. लोणावळ्याला रोज चालत यायला त्याच्यापाशी एवढं एकच कारण उरलं होतं. रविवारी कल्याणवाल्यांशी मॅच. नवी टीम, नवं नाव, हवालदार आल्यापासूनची पहिलीच मोठी मॅच. तो बॉल आपणच भरायचा, असं त्यानं मनाशी धरलं होतं.

रविवारी दुपारी तो मैदानावर गेला. नागफणीच्या कड्याकडून सुकं वारं सुटलं होतं. हवालदारांनी खोक्यातून पंप काढून ठेवला होता, नव्या घंटीसारखा लखलखीत. अंबाजी समोर उभा राहिला, पण मागणं ओठावर येईना. शेवटी सोपान बोलला. सोपान फिटर, टीमचा कप्तान, जुन्या लोकोवाल्यांपैकी उरलेला.

“हवालदारसाहेब, बॉल आमचे आबा भरत्यात.”

हवालदारांनी म्हाताऱ्याच्या गळ्यातली माळ पाहिली, वर-खाली होणारी छातीही पाहिली. “आबा, पंप असताना तुम्ही कशाला त्रास घेता?” एवढं विचारून ते थांबले. टीममधले जुने गडी हलले नाहीत. मग हवालदारांनी बॉल अंबाजीच्या हातात दिला.

त्यानं माळ खांद्यामागं टाकली, मांडी घातली, नळकांडं ओठांत धरलं. सोपान शेजारी उकिडवा बसला. दोन दमांच्या मध्ये नळकांडं चिमटीत धरायचं काम त्याचं.

पहिले दहा बरे गेले. पंधराव्याला कानात शिट्टी वाजायला लागली. विसाव्याला नाव मनात आलं, पण दम आला नाही. तो थांबला, पुन्हा नाव घेतलं, फुंकला. बाविसावा. समोरचं मैदान धुरात गेल्यासारखं झालं. हातातला बॉल अजून पिठाच्या गोळ्यासारखाच होता. त्यानं पुन्हा तोंड उघडलं, आणि आत नुसती घरघर झाली.

 हवालदार एकाएकी टीमवर ओरडले, रांग धरा, पाठ इकडं, तोंड रुळाकडं. खेळाडू वळले, त्यांच्याबरोबर बघणारेही वळले. सोपाननं अलगद बॉल उचलला आणि तो सामानाच्या खोलीमागं गेला.

सुक्, सुक्, सुक्. आवाज बारीक होता. पण ज्यानं वीस वर्षं इंजिनांच्या श्वासांवरून त्यांची दुखणी ओळखली, त्याला तो ऐकू येणारच.

सोपान परत आला. बॉलच्या तोंडाची चामडी वादी घट्ट आवळून बांधलेली होती. “आबा, बघा बरं,” तो नजर चुकवत म्हणाला. “झाला न्हवं?”

अंबाजीनं बॉल मांडीवर घेऊन मृदंगाची पुडी तपासावी तशी त्यावर बोटं मारली. ठण्ण. असा बॉल त्याच्या उमेदीतही कधी झाला नव्हता.

“झाला,” तो म्हणाला. “बेस झाला.”

मॅच एका गोलानं जिंकली. गोल कोंडूचा, अनवाणी पायाचा. लोक ‘हिराबाई’ विसरले आणि ‘लोको, लोको’ म्हणून ओरडले. दिवस कलताना मारुतीच्या बाकावर बसायला जागा नव्हती. नथू तर बाकावर उभाच राहिला. मालक बदलू दे, मॅनेजर बदलू दे, त्या पंपाचं काय घेऊन बसलात, असं त्यानं सुरू केलं. “बॉलमंदी दम कुनाचा हुता? आमच्या आबाचा. म्हून जिकलो.”

सगळ्यांनी अंबाजीकडं पाहिलं. मारुतीनं त्याच्यापुढं बिनमागता चहा ठेवला. सोपान मान खाली घालून बुटाची गाठ सोडत बसला. ती कधीचीच सुटलेली होती.

गप्प राहिलं असतं तर चाललं असतं. अंबाजीनं कप उचलला, पुन्हा खाली ठेवला. त्याचा हात माळेकडं गेला.

“नथू, खाली उतर बाबा,” तो म्हणाला. “बॉल पंपानं भरलाय. मी बाविसाव्याला हरलो.”

नथू उतरला. घाटातून वर आलेली विजेची गाडी स्टेशनात शिरली, कसलाही धूर न सोडता. 

“त्यांचा पंप चांगला हाय,” अंबाजी पुढं म्हणाला. “बॉल असाच पाहिजे. कोंडूचा पाय बसला कसा, बघितलं न्हवं?” आणि मग तो चहा प्याला, शेवटच्या घोटापर्यंत.

निघताना सोपान त्याच्या मागं धावत आला. काखेत एक जुना बॉल होता, शिवणी काळ्या पडलेल्या. “दसऱ्याचा हाय, आबा. कुनी उघडला न्हाई. तुमच्या छत्तीस दमांतला अजून निम्मा तरी आसंल.” अंबाजीनं तो घेतला आणि कुरवंड्याची वाट धरली. वाटेत चार ठिकाणी बसावं लागलं.

त्यानंतर तो लोणावळ्याला फारसा गेला नाही. होळीच्या सुमारास क्लबाचा मालक पुन्हा बदलल्याचं कोंडूनं येऊन सांगितलं. नवं नावही सांगितलं. अंबाजीनं मान हलवली. कोंडूचे पाय कसे आहेत तेवढं विचारलं.

बॉल स्वयंपाकघरात चुलीशेजारच्या खुंटीला टांगलेला होता, टाळांच्या जोडीखाली. कस्तुराबाई रोज सकाळी भाकरी थापायला बसण्याआधी त्यावर अंगठा दाबून बघायची. एक दिवस अंगठा जरा जास्तच आत गेला.

“मऊ पडाया लागलाय,” ती म्हणाली.

“पडंल,” अंथरुणातून तो म्हणाला. “फुंकर मुरलीत ऱ्हात न्हाई, तर हितं काय ऱ्हातंय.”

 तिनं बॉल खुंटीवरून काढला, त्याच्या वादीला आणखी एक गाठ मारली, आणि चुलीची धग लागणार नाही अशा पलीकडच्या खुंटीला नेऊन अडकवला.