शानेतने मला शेगडीपाशी निजवले

मित्रांनो, बर्फावर चालायचे जोडे तुम्ही कदाचित पाहिले नसतील. त्यातला मी डावा, आणि वयाने तुमच्या आईएवढा. माझी भूर्ज झाडाच्या लाकडाची चौकट शुशेप आजोबांनी वाकवली आणि पिनामेन आजींनी तिच्यात हरणाच्या कातड्याची वादी विणली. माझ्या जाळीवर पाय ठेवला की तो भुसभुशीत बर्फातही रुतत नाही.

शानेतची आई माझ्यावरच चालायला शिकली. ती मोठी झाली आणि मी वीस वर्षे पडवीत लटकत राहिलो. उंदरांनी माझी वादी कुरतडली. खोटे कशाला सांगू, मला फार वाईट वाटे. मग यंदा आजींनी मला खाली काढले, नवी वादी ओवली आणि चार वर्षांच्या शानेतच्या पायाला बांधले. पहिल्या दिवशी तिने अंगणभर लोटांगणे घातली.

या घरचा एक नियम आहे. मूल स्वतःच्या पायांनी रानात सशांसाठी लावलेल्या फासापर्यंत चालत गेले, तरच पहिला ससा त्याचा. तो त्याने आजीला द्यायचा. घसरगाडीत बसून गेले, तर ससा आईचा. शानेतला तो ससा हवाच होता.

फासाकडे जायच्या आदल्या दुपारी तिने मला बाहेर खिळ्यावर गारठताना पाहिले. तिला दया आली. गुपचूप आत आणून तिने मला शेगडीपाशी निजवले, वर आपली शालही पांघरली. उजवा उंच खिळ्यावर होता, तो वाचला. मित्रांनो, ऊब आम्हाला सोसत नाही. माझ्यावरचे बर्फ वितळले आणि वादी भिजून सैल पडली.

सकाळी घसरगाडी ओढणारी आई आणि आजींबरोबर आम्ही निघालो, पण निम्म्या वाटेवर माझी जाळी झोळीसारखी लोंबू लागली. शानेत गुडघाभर रुतली.

"बस गाडीत," आई म्हणाली.

"नाही बसणार! मग ससा तुझा होईल."

"अगं, पण याला झालंय काय? काल तर चांगला होता."

शानेतला रडू फुटले. "त्याला थंडी वाजत होती... मी शेगडीपाशी निजवला."

मला वाटले, आता धपाटा बसणार. पण आजींनी बर्फातच फतकल मारली आणि पोट धरून हसू लागल्या. "तुझ्या आईनंही हेच केलं होतं. वर त्याला सूप पाजलं होतं!"

"आई, पुरे आता," शानेतची आई लाजून म्हणाली.

आजींनी स्वतःच्या बुटाची दोरी सोडून माझी जाळी खालून आवळली. मग शानेत पुढे, मागे आई, आणि शेवटी सैल बूट फटफटवत आजी. शानेत थांबली की सगळे थांबत. फासात ससा होता. तिने तो दोन्ही हातांनी कवटाळून आजींच्या ओटीत टाकला.

मित्रांनो, कुणावर माया करा, पण त्याला काय सोसते ते आधी जाणून घ्या.

घरी आल्यावर शानेतने माझ्यावरचे बर्फ झटकले, टाचा उंचावून मला बाहेर खिळ्याला अडकवले आणि आत गेली. लगेच परत आली. माझ्या जाळीला तोंड लावून हळूच म्हणाली, "थंडी वाजली तर हाक मार हं."

तेवढी ऊब मला सोसते.