आधीच फेडलेला नवस

ऑपरेशन आत्ता नाही, असं मोरेलिया शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आणि क्रिसान्ताच्या शेजारी बसलेल्या अम्पारोने छातीवर क्रूसाची खूण केली. दोघी एकमेकींच्या पोरांच्या धर्ममाता, नातं बाप्तिस्म्यापासूनचं. एकमेकींना त्या कोमाद्रे म्हणत आणि दिवसभर भांडत.

"मेले नाही मी अजून," परतीच्या बसमध्ये क्रिसान्ता म्हणाली. "अंडाशयाची गाठ पोटभर पसरलीय. आधी तीनदा शिरेतून औषध, ती आक्रसली की मग कापणार. ऐकलंस ना?"

"ऐकलं. सगळ्यांना असंच सांगतात, कोमाद्रे."

क्रिसान्ताचं डोकं फिरलं. पण खरी पंचाईत वेगळीच होती. गावच्या नाझारेनोला, खांद्यावर क्रूस घेतलेल्या येशूला, ती नवस बोलली होती: ऑपरेशनमधून जिवंत उठले तर माझी वेणी तुझ्या टोपाला. त्या मूर्तीच्या डोक्यावर गावातल्या बायकांचेच केस असतात. साठीला आली तरी क्रिसान्ताची वेणी कमरेखाली रुळत होती, आणि मक्याच्या पिठाचे वाफवलेले तामाले विकायला बसली की ती मुद्दाम पुढे घ्यायची. आता ऑपरेशनच्या आधीच औषधाने ती गळणार होती.

पहिली सुई झाली. आठवडाभर पोटात पाणी ठरेना. मग एका सकाळी फणीत केसांचा पुंजका आला, तशी ती कात्री घेऊन तडक चर्चमध्ये गेली. त्या वर्षी मूर्तीच्या सेवेचा मान अम्पारोकडे होता.

"काप."

"वेड लागलंय का तुला? नवस पावल्यावर फेडतात. न पावता येतात ते मेलेल्या बायकांचे केस, घरचे आणून देतात. लोक काय समजतील?"

"समजू देत. डॉक्टरीण आधी औषध देते, मग सुरी चालवते. मीही आधी केस देते, मग काय ते याने बघावं. सगळे केरात गेल्यावर याला काय देऊ, टक्कल?"

अम्पारोला हसू आलं आणि त्याच दमात रडूही. तिने वेणी कापली. क्रिसान्ताला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, पण मूर्तीसमोर तिने ते दाखवलं नाही.

शुक्रवारी जपमाळ संपल्यावर अम्पारोने रिवाजाप्रमाणे वेणी उंच धरली आणि क्रिसान्ताचं नाव घेतलं. 'नवस पावला' हे पुढचे शब्द काही तिच्या तोंडून निघेनात. ते आले नाहीत म्हणताना बायकांनी समजायचं ते समजून घेतलं. कुणीतरी मृतात्म्याच्या शांतीची प्रार्थना सुरू केली आणि सगळं चर्च तिच्यामागे म्हणू लागलं.

शेवटच्या बाकावरून क्रिसान्ता उठली. तिने डोक्याचा रुमाल काढला. खाली कात्रीने वेडेवाकडे कापलेले केस होते, आणि मधेमधे तेही नव्हते. प्रार्थना अडखळली.

"मी इथे आहे," ती म्हणाली. "माझ्याकडून फिटलंय, बाकी आता त्याच्याकडे आहे. तोंडं उघडलीच आहेत तर सोमवारच्या दुसऱ्या सुईसाठी म्हणा. आणि जरा मोठ्याने म्हणा, त्याला ऐकू जाऊ दे."

पहिला आवाज अम्पारोचा चढला.