सोनाबाईंच्या हातची वर्तुळं

मी एक काळी गाडी. पनवेलजवळ सुकापूरला, भगवान यांच्या दारात उभी असते. आज जो तो मला बघून विचारतो, "नवीन घेतली का?" ते ऐकलं की मला रडू येतं. गाडीला रडता येत नाही, एवढंच.

शोरूममध्ये मला पसंत केलं ते भगवान यांच्या बायकोने, सोनाबाईंनी. सगळे सांगत होते, काळी नको, धूळ दिसते. बाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "माजा रंग तरी कुठं गोरा हाय? कालीच घ्या." भगवान हसले आणि मी या घरची झाले.

रोज सकाळी भाकऱ्या झाल्या की बाई माझ्याकडे यायच्या. हातात जुन्या लुगड्याचं मऊ फडकं. पाण्याचे डाग पडतात म्हणून कोरडंच पुसायच्या, तेही तवा घासावा तसं गोल गोल, चांगला जोर लावून. आजूबाजूला इमारती उठत होत्या, त्यांची बारीक रेती माझ्या अंगावर बसायची आणि फडक्याखाली फिरायची. वर्षभरात माझ्या अंगभर गोल ओरखडे उमटले. सावलीत दिसायचे नाहीत, पण उन्हात वर्तुळंच वर्तुळं.

खरं सांगते, मला लाज वाटायची. शेजारची पांढरी गाडी तोऱ्यात उभी असायची आणि मी मनातल्या मनात चरफडायचे. एवढी माया करू नका हो बाई, थोडं पाणी तरी मारा!

मागच्या वर्षी बाई आजारी पडल्या. दवाखान्याच्या दारात उतरल्या, माझ्या दाराला धरून क्षणभर उभ्या राहिल्या आणि पदराने हँडलजवळची धूळ पुसली. ती पण गोलच. त्यानंतर त्या पुन्हा माझ्यात बसल्या नाहीत.

मग भगवान रोज ऊन आलं की बॉनेटपाशी येऊन उभे राहायला लागले. ओरखड्यांवरून हळूच बोट फिरवायचे. कुणाला पुसू द्यायचे नाहीत. त्यांचा मुलगा प्रणित हे खिडकीतून बघायचा. बाबांना ओरखडे खुपतात, असं त्याला वाटलं. मलाही तसंच वाटलं होतं.

वर्षश्राद्ध जवळ आलं. बाबांना जरा बरं वाटावं म्हणून प्रणितने सर्व्हिसिंगचं निमित्त सांगून मला खांदा कॉलनीत, मिथुनच्या पॉलिशच्या दुकानात नेलं. मिथुनने दिवा धरून माझं अंग निरखलं. "रंगावर पारदर्शक थर असतो. त्याचा वरचा पापुद्रा मशीनने घासून काढला की हे सगळं जाईल," तो म्हणाला. दोन दिवस मशीन फिरत राहिलं. तिसऱ्या दिवशी माझ्यात समोरची इमारत स्वच्छ दिसत होती. मी हरखून गेले. आता ते आठवलं तरी जीव जळतो.

सकाळी प्रणितने मला उन्हात आणून उभं केलं. "बाबा, तुम्ही रोज ते स्क्रॅचेस बघायचात ना? सगळे काढले."

"सगले?"

"एकपण नाही राहिला."

भगवान वाकले. बॉनेट पाहिलं, टप पाहिला, मग धावत जाऊन हँडलजवळ पाहिलं. सगळीकडे त्यांना त्यांचाच चेहरा दिसत होता.

"तुज्या आयचा हात व्हता रं तो," एवढंच बोलले.

प्रणित हँडलजवळ बोट फिरवून बघू लागला. भगवान घरात गेले आणि लुगड्याचं तेच फडकं घेऊन आले. कोरड्या फडक्याने मला पुसू लागले. प्रणित घाबरून म्हणाला, "बाबा, सुकं नका घासू, परत ओरखडे पडतील."

"पडू दे."

तेव्हापासून ते रोज पुसतात. मीही अंग चोरत नाही. रस्त्यात कधी भेटले तर माझ्या चकाकीचं कौतुक करू नका, एवढंच मागणं आहे. ओरखडे आता पुन्हा पडू लागलेत. पण भगवान यांचा हात सरळ चालतो. त्यांना ते वर्तुळ काही जमत नाही.