मुंगीचा दाखला

त्या वर्षी दिवाळीनंतर रत्नागिरीत रिकामी बाटली मिळेनाशी झाली. भंगारवाले हात हलवत परत जाऊ लागले. खोकल्याच्या औषधाची, कोकम सरबताची, दुबईहून आलेल्या अत्तराची, हाताला लागेल ती बाटली घेऊन माणसं पहाटेपासून शहराबाहेरच्या सड्यावर रांग लावत. बाटलीत काय असे ते सभ्य माणसाने विचारू नये. रांगेतले सगळे मधुमेहाचे रोगी होते, एवढं सांगितलं की पुरे.

सड्यावर, उघड्या जांभ्या दगडावर मांडव होता आणि मांडवात पिपीलिकानंद महाराज. पूर्वाश्रमी हे गृहस्थ आठवडी बाजारात उंदराचं औषध विकत. उंदीर मेल्याचं कुणी ऐकलं नाही, पण माणसं कशी धरावीत हे महाराज तिथेच शिकले. त्यांच्यापुढे मातीने भरलेल्या दोन पराती. एक रोगाची, एक मुक्तीची. नव्या रोग्याच्या बाटलीतले चार थेंब रोगाच्या परातीत पडले की काळ्या मुंग्यांची फौज धावून येई. मग एकवीस दिवस महाराजांचा काढा. बाविसाव्या दिवशी थेंब पडत ते मुक्तीच्या परातीत. तिथली मुंगी जवळ येई, थबके आणि तोंड फिरवून चालती होई.

"सोडला!" महाराज गरजत. "मुंगीने सोडला! देहातली साखर जळाली! अरे, लॅबवाला कट घेतो, डॉक्टर कट घेतो. मुंगी कुणाकडून कट घेते काय? टाका ते सुईचं विष पिंपात!"

आणि लोक आपली इन्सुलिनची पेनं उन्हातल्या निळ्या पिंपात टाकत. टाळ्या वाजत. रांगेतल्या फातिमाचाचीनेही टाकली. मिरकरवाड्याचा भिवा तांडेल याने दोन महिन्यांपूर्वीच टाकली होती.

भिवाची मुलगी अक्षया मालगुंडला शाळेत विज्ञान शिकवायची. शनिवारी घरी आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"आई, हा वास कसला गो?"

"मिरकरवाड्यात जन्म काढलास नि वास विचारतेस?" हिरा म्हणाली, पण तिने वर बघितलं नाही.

वास माशांचा नव्हता. भिवाच्या उजव्या पायाला फडकं बांधलेलं होतं. अक्षयाने ते सोडलं. अंगठा काळा पडला होता.

"जाळं उपसताना शिंगाळ्याचा काटा गेला होता," भिवा म्हणाला. "भरंल हळूहळू. दुखत पण नाय."

"दुखत नाही हेच वाईट आहे, बाबा! इन्सुलिन कुठाय?"

"आता त्याचं काय काम? मुंगीने सोडलं मला."

"चला. आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे."

"उद्या माझा फेरदाखला हाय. मुंगीने तोंड लावलं तर मुकाट तुझ्याबरोबर येतो. नाय लावलं, तर पुन्हा या घरात सुईचं नाव काढायचं नाय."

वादळात बोट हाकणारा माणूस तो, लेकीच्या रडण्याने काय वळणार? अक्षयाने रात्रभर त्याचा पाय पुसला आणि सकाळी त्याच्यासोबत सड्यावर गेली.

भिवाचे थेंब मुक्तीच्या परातीत पडले. मुंगी आली, थबकली, वळली.

"सोडला!" महाराज गरजले. भिवाने लेकीकडे असं बघितलं, की जणू पैज जिंकली.

अक्षयाने पर्समधून भिंग काढलं आणि परातीवर वाकली. तीन महिन्यांत त्या मांडवात मुंगीच्या पाया पडायला हजारो माणसं वाकली होती. मुंगी बघायला वाकलेली ही पहिलीच. खरं तर ही सगळी कल्ले उचलून मासा पारखणारी माणसं. पापलेट म्हणून कुणी हलवा मासा गळ्यात मारू लागला असता, तर त्याला त्यांनी लिलावातून पळवून लावलं असतं. पण मुंगी? मुंगी ती मुंगी!

रोगाच्या परातीतल्या मुंग्या बारीक, काळ्या, रांगेने धावणाऱ्या होत्या. मुक्तीच्या परातीतली मुंगी अर्ध्या इंचाहून लांब, तपकिरी, एकटीच हिंडणारी. कमरेला एकच गाठ. टपोरे डोळे डोक्याच्या पार पुढे. आणि जबडा चिमट्यासारखा लांब, वर वळलेला. दोन्ही परातींभोवती पाण्याचं कडं होतं. पावित्र्यासाठी म्हणे. ते खरं कशासाठी होतं, हे आता अक्षयाला कळलं. इकडची मुंगी तिकडे जाता कामा नये.

"लवूदादा," तिने मांडवाबाहेरच्या टपरीवाल्याला हाक मारली, "एक चमचा चहा द्या."

"अपवित्र! अपवित्र!" महाराज उठेपर्यंत चहा मुक्तीच्या परातीत पडला होता. मुंगी आली, थबकली, वळली.

"सोडला!" अक्षया ओरडली. "लवूदादांच्या चहात साखर नाही!"

"नाय कशी?" लवू भडकला. "कपाला तीन चमचे टाकतो! पाक हाय पाक! तुमच्या मुंगीला चव नाय, महाराज!"

रांगेत हशा पिकला. अक्षयाने गवतातला एक लहान नाकतोडा पकडून परातीत सोडला. मुंगी दबा धरून पुढे सरकली आणि एकदम उडी! नाकतोडा जबड्यात. हशा थांबला.

"ही उडी मारणारी शिकारी मुंगी," अक्षया म्हणाली. "शास्त्रातलं नाव हार्पेग्नॅथॉस. आपल्याच मातीत असते, पण लहान वस्ती, जमिनीखाली घर, म्हणून आपल्याला माहीत नसते. ही जिवंत किडे खाते. साखर हिचं खाणंच नाही, मग ती चहातली असो नाहीतर माणसातली. आणि पलीकडची ती साधी साखरखाऊ. रोग दाखवायला एक जात, बरा झालात हे दाखवायला दुसरी. बास, एवढाच चमत्कार."

मग तिने बापाची बाटली घेतली आणि चार थेंब रोगाच्या परातीत टाकले. काळी फौज धावून आली.

 भिवाने लेकीपुढे फक्त हात केला. "चल बाय," तो म्हणाला.

लोक पिंपाकडे धावले, आपापली पेनं उपसू लागले. अक्षया बजावत होती, "ती उन्हात शिजलीयत, वापरू नका, नवी घ्या!" कुणाला ऐकू येत नव्हतं. महाराज मांडवामागून केव्हा सटकले तेही कुणी बघितलं नाही.

तुम्हाला वाटेल, बरं झालं, मिटलं. काय मिटलं? इस्पितळात भिवाचा पाय गुडघ्याखाली कापला. डॉक्टर म्हणाले, महिनाभर आधी आणला असता तर अंगठ्यावर निभावलं असतं. आणि रांगेतली निम्मी माणसं पुढच्याच रविवारी बाटल्या घेऊन लोटे गावी गेली. तिथे महाराजांचा नवा मांडव पडला होता. भिवाला का गुण आला नाही, याचं उत्तरही त्यांच्याकडे तयार होतं. पोरीने चहा ओतून मुंगी बाटवली. हे हिराला तोंडावर ऐकवायला शेजारीण डबा घेऊन आली होती. हिराने डबा ठेवून घेतला आणि तिला दाराबाहेर काढलं.

पाय कापल्यावर पाचव्या दिवशी वॉर्डात शेजारच्या खाटेवरचा म्हातारा भिवाकडे सरकला. साखर त्यालाही होती. नर्स लांब गेलेली बघून त्याने हळूच विचारलं, "तांडेल, तुमच्याकडे ते मुंगीवाले महाराज होते ना? कुठं भेटतात हो आता?"

अक्षया काही बोलणार, तोच भिवाने तिला हाताने थांबवलं. पांघरूण बाजूला केलं. गुडघ्याखाली चादर सपाट होती.

"इथून खाली सरळ," त्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवत तो म्हणाला.

 भिवाने पांघरूण पुन्हा ओढलं.

"जायचं तर जा, बाबा. पण मुंगीला आपल्या नशिबाचं विचारण्याआधी तिलाच एक विचार, 'बाय माझे, तू खातेस काय?' मी नाय विचारलं."