कोरडी पायरी

"दाबून धर गं! सोडू नकोस!" बाबा शिडीवरून ओरडले.

जिन्याच्या शेवटच्या पायरीशी उकिडवी बसलेली थ्वा ओल मोजणाऱ्या पांढऱ्या सेन्सरचं बटण अंगठ्याने दाबून होती. बाबा, म्हणजे हायफोंग बंदरातल्या क्रेनचे निवृत्त इलेक्ट्रिशियन खिएम, डोळे बारीक करून मोबाईलकडे पाहत होते. समुद्रावरचं धुकं घरात शिरलं होतं. भिंतींना घाम, फरशीवर पाणी. गेल्या वर्षी अशाच दिवसांत आई या पायरीवरून घसरली, खुबा मोडला. तेव्हापासून बाबांनी एकच ध्यास घेतला होता: पायरीशी ओल वाढली, की हवा कोरडी करणारं यंत्र आपोआप सुरू झालं पाहिजे.

"सापडत नाहीये. डबी उंचावर हवी."

सेन्सरांचे निरोप घेणारी डबी त्यांनी सरळ पितरांच्या देव्हाऱ्यात नेऊन ठेवली, आजोबांच्या फोटोशेजारी.

"अहो, काही लाज?" आई म्हणाली. "त्यांच्या कानाशी ही डबी?"

"कळू दे की त्यांनाही, सून कुठे घसरते ते."

लुकलुकणारा दिवा स्थिर झाला. जिन्याखाली यंत्र घुमायला लागलं.

"लागला गळाला!"

पितरांची माफी मागायला आईने अगरबत्ती लावली, तर बाबांनीच बसवलेल्या धुराच्या सेन्सरने भिंतीतला पंखा चालू केला. राख उडून नैवेद्याच्या केळ्यांवर.

"घ्या! आजोबांना ठसका लागला," थ्वा हसत सुटली.

बाबा दुपारभर मोबाईल घेऊन बसले. अगरबत्ती विझेपर्यंत पंख्याने गप्प राहायचं, एवढं त्यांनी त्याला शिकवलं. रात्री खेकड्याच्या रश्श्यातल्या शेवया खाताना त्यांनी विचारलं, "काय गं, कसं जमलंय?"

"बाबा, एक फडकं पुरलं असतं."

ते खो खो हसले आणि आपल्या वाडग्यातला खेकड्याचा गोळा त्यांनी तिच्या वाडग्यात टाकला.

सकाळी ते उठले नाहीत. झोपेतच गेले.

वर्षश्राद्धाला पुन्हा तेच धुकं आलं. शेजारणीने ओल टिपायला दारात पुठ्ठे अंथरले होते. थ्वाने देव्हाऱ्यात अगरबत्ती लावली. आता डबीच्या एका बाजूला आजोबा होते, दुसऱ्या बाजूला बाबा. धूर वर चढत गेला. पंखा गप्प होता.

"थ्वा, आले गं!"

आई जिना उतरत होती. दोन्ही हातांत बाबांचा चहाचा पेला, कठड्याला हात नाही. शेवटच्या पायरीवर आई थांबली, पायाच्या अंगठ्याने खालची फरशी चाचपली आणि चालत पुढे आली. पेला देव्हाऱ्यात ठेवून ती केळी आणायला स्वयंपाकघरात गेली.

जिन्याखाली यंत्र घुमत होतं. थ्वाने फोटोकडे पाहिलं.

"छान जमलंय, बाबा," ती मोठ्याने म्हणाली. "फडकं नसतं पुरलं."